बोटावर निभावलं

आप्पा अजूनही पेरांवर मोजतात. दूधवाल्याचे खाडे, एकादशीला उरलेले दिवस, गावच्या जत्रेला किती महिने, सगळं. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा आणि वर सरकत जायचं. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, झाले बारा. वर्ष हातावर बसतं ते असं. आप्पांच्या उजव्या हाताचा हिशेब मात्र दहावर संपतो, कारण तर्जनीचं एकच पेर शिल्लक आहे. लहानपणी मला वाटायचं, यांचं वर्षच दहा महिन्यांचं असणार. म्हणून तर दिवाळीचा बोनस आला आला म्हणेपर्यंत संपतो.

ती दोन पेरं भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये गेली. मी चौथीत होते. दुचाकीच्या स्टँडला लागणारा एक ब्रॅकेट आप्पा पॉवर प्रेसवर काढायचे. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, पेडल दाबायचं, ठोका पडला की तयार नग उचलायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. एका शिफ्टला हजारो वेळा हात आत आणि हात बाहेर. जुन्या प्रेसला पिन क्लच असतो. फ्लायव्हील सतत फिरत असतं, पेडल दाबलं की पिन त्यात अडकते, रॅम, म्हणजे ठोका मारणारा वरचा भाग, खाली येऊन वर जातो आणि पिन सुटून वर थांबतो. निदान थांबायला हवा. पिन झिजली किंवा स्प्रिंग ढिली झाली की कधीतरी तो न थांबता पुन्हा खाली येतो. पेडलवर पाय नसताना. याला शेडमध्ये ‘डबल ठोका’ म्हणतात. आप्पांनी आदल्या दिवशीच फिटरला सांगितलं होतं, मशीन डबल मारतंय. फिटर म्हणाला होता, रविवारी बघू. ते मंगळवारी झालं.

शेठ दुसऱ्या दिवशी केळी आणि शहाळी घेऊन घरी आले. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, “जिवावर आलं होतं, बोटावर निभावलं म्हणायचं.” आजी तेच म्हणाली. शेजारच्या काकू तेच म्हणाल्या. आईने मारुतीला नारळ फोडला.

पुण्याच्या माणसाला ही म्हण कुठून आली ते सांगावं लागत नाही. १६६३ साली लाल महालात शाइस्तेखानाची बोटं गेली आणि जीव वाचला. भोसरीहून लाल महाल काही फार लांब नाही, तेव्हा प्रेस शॉपमध्ये बोट गेलेल्या माणसाला ‘खानसाहेब’ म्हणायची चाल पडली यात नवल नाही. आप्पाही काही वर्षं खानसाहेब होते. पण एक गोष्ट मला मोठं झाल्यावर सुचली. खान दुसऱ्या रात्री त्याच पलंगावर झोपायला गेला नाही. बादशहाने त्याला थेट बंगालला धाडलं. आप्पा दीड महिन्याने त्याच प्रेसवर उभे राहिले. ते घरी होते त्या दिवसांतही मशीन बंद नव्हतं, त्यावर एक कर्नाटकातला मुलगा उभा होता. पिन बदलली होती की नाही, हे आप्पांनी विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो हे त्यांना अपघाताच्या आदल्या दिवशीच कळलं होतं.

मी आज पीएफ-ईएसआयचं काम करते. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. झेरॉक्सच्या दुकानावर दहा बाय बाराचं ऑफिस, दोन कॉम्प्युटर, एक मुलगी हाताखाली. भोसरी, तळवडे, चाकण भागातल्या छोट्या शेडची चलनं माझ्याकडून भरली जातात. पंधरा तारीख जवळ आली की जेवायला फुरसत नसते. हे काम मी ठरवून निवडलं असं नाही. बी.कॉम. झाल्यावर जे मिळालं ते धरलं. पण पहिल्याच वर्षी ईएसआयच्या कायद्याला जोडलेलं दुसरं परिशिष्ट हातात पडलं आणि मी ते गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचून काढलं.

त्यात माणसाच्या शरीराचा भाव लिहिलेला आहे. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, त्याचा तक्ता. अंगठा पूर्ण गेला तर ३०. तर्जनी पूर्ण १४, मधलं बोट १२. अनामिका आणि करंगळी एकाच भावात, ७. देवाला गंध लावायचं बोट म्हणून अनामिकेला काही जास्त नाही. तक्ता पेरांनीही मोजतो. तर्जनीचं एक पेर ९, दोन पेरं ११. हाड शाबूत राहून नुसता शेंडा उडाला तर ५. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. मी बोट ठेवून ‘दोन पेरं, ११’ ही ओळ शोधली. आप्पांच्या कागदावर मेडिकल बोर्डाने घातलेला आकडा हाच होता. म्हणजे कुणी कंजूषपणा केला नव्हता, कुणी मेहरबानीही केली नव्हती.

हा तक्ता क्रूर आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या आधी काय होतं ते बघितलं तर तो मोठाच दिलासा आहे. १९२३ चा भरपाईचा कायदा होता, पण त्यात मालकाच्या मागे लागावं लागे, दावा लढावा लागे. १९४८ च्या ईएसआय कायद्याने भरपाईची जबाबदारी विमा महामंडळावर टाकली. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही, कामावर असताना कामामुळे झालं एवढं पुरे. अपघातासाठी इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशीही अट नाही. समजा आज एखाद्याला महिना १५,००० पगार आहे, दिवसाचे ५००. पूर्ण अपंगत्वाचा दर त्याच्या ९० टक्के, म्हणजे ४५०. त्याचे ११ टक्के म्हणजे दिवसाला साडेएकोणपन्नास रुपये. आयुष्यभर. नोकरी असो-नसो. आमच्या घरात त्या छोट्या रकमेने गॅसचं सिलिंडर यायचं, आणि आई त्याला ‘बोटाचा गॅस’ म्हणायची.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एकदा मशीनवाल्या मुलाने मान वर न करता सांगितलं, “अंगठ्याशेजारचं बोट ठेवा.” आप्पांनी शांतपणे ते एक पेर काचेवर टेकवलं. मशीनने तीन वेळा नाकारल्यावर मुलाने वर बघितलं. आप्पा म्हणाले, “याच्यासाठीच तर आलोय.”

तर, पैसे मिळतात. माझी तक्रार पैसे मिळत नाहीत ही नाहीच.

एक फोन सांगते. असा फोन वर्षातून दोन-तीनदा तरी येतो, सकाळी अकराच्या सुमारास. सुपरवायझर असतो. “मॅडम, एका पोराचं नाव टाकायचं राहिलंय, आजच्या आज ईएसआयचा नंबर काढून द्या.” आवाजात घाई असते आणि नको तितकी नम्रता असते. व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो येतो. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, कधी परभणीकडचा, कधी बिहारचा. पहिल्या वेळी मला कळलं नव्हतं. आता मी थेट विचारते.

“कुठलं बोट?”

पलीकडे जरा शांतता.

“मधलं. आणि शेजारचं थोडं.”

पोर्टलवर कामावर रुजू झाल्याची तारीख विचारतात. तो मुलगा चार महिने तिथे राबत असतो हे मला माहीत असतं. सुपरवायझर सांगतो, “आजचीच टाका.” आणि मी टाकते. नंबर निघाला नाही तर मुलाच्या ऑपरेशनचा खर्च शेठ कितव्या दिवसापर्यंत उचलेल, याचा मला अनुभव आहे. म्हणून टाकते. हे लिहायला सोपं जात नाहीये. माझ्या रजिस्टरावर विश्वास ठेवायचा तर आमच्या भागात कामाच्या पहिल्याच दिवशी बोट जाणारी मुलं फार. त्या मुलाचे आधीचे चार महिने कुठल्याच कागदावर नाहीत. शेठला तेवढी वर्गणी वाचली, आणि बोट गेल्यावर तेच विम्याचं छत्र एका दिवसाच्या भाड्यात मिळालं.

तीन वर्षांपूर्वी चाकणकडच्या एका क्लायंटने मला एक प्रश्न विचारला. साठीचे गृहस्थ, स्वतः फिटर म्हणून सुरुवात केलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी त्यांच्या सगळ्या प्रेस बदलून घेतल्या होत्या. नुसते सेन्सर लावले असं नाही. सेन्सरचं काम असं की मशीनच्या तोंडाशी प्रकाशाचा अदृश्य पडदा असतो, हात त्यात गेला की मशीन थांबतं. पण पिन क्लचच्या जुन्या प्रेसला हा पडदा लावून उपयोग शून्य, कारण पिन एकदा अडकली की ठोका अर्ध्यात थांबवताच येत नाही. पडदा ओरडेल आणि रॅम खाली येईल. त्यासाठी आधी हवेवर चालणारा क्लच बसवावा लागतो, ब्रेक बदलावा लागतो. खरा खर्च तिथे आहे. काकांनी कर्ज काढून तो केला. जुन्या माणसांना कटकट वाटली, नग कमी पडायला लागले, एका ऑपरेटरने तर सेन्सरला तार बांधून तो गप्प केला होता. काकांनी त्याला काढलं नाही, त्याचा नगावरचा इन्सेंटिव्ह बंद करून पगारात टाकला. तार आपोआप निघाली.

एवढं सगळं करून ते माझ्या ऑफिसात आले, बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मॅडम, आता माझं ईएसआय कितीने कमी होणार?”

मी म्हटलं, “काका, एक रुपयाने नाही.”

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. “अहो, गाडीच्या विम्याला नो क्लेम बोनस असतो. तीन वर्षं ठोकली नाही तर हप्ता उतरतो. इथे माणसाला गाडीइतकीही किंमत नाही?”

मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. चाळीस माणसं, सरासरी पगार १५,०००, म्हणजे महिन्याचा पगार सहा लाख. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, १९,५०० रुपये. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के. २०१९ च्या जुलैपासून हे दर आहेत, त्याआधी ४.७५ आणि १.७५ होते. त्यांच्या गल्लीतच दुसरी शेड आहे, तिथेही चाळीस माणसं आणि तेवढाच पगार. तिथे मशीनचे गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेले आहेत, त्यांवर डबे सुकत असतात. त्यांचं चलनही १९,५००. काकांनी तो कागद घडी करून खिशात घातला. कशासाठी घेतला कुणास ठाऊक.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कामगार चळवळीतल्या लोकांसमोर मांडलं की तेही जरा गोंधळतात. आपला विमा बोट गेल्यावर जागा होतो. बोट जाण्याआधी त्याला या शेडमधलं आणि त्या शेडमधलं अंतर दिसत नाही. उलट, ईएसआय लागू असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडे भरपाईच्या कायद्याने वेगळी मागणी करता येत नाही. कामगाराला कोर्टाची वारी चुकावी म्हणून ही तजवीज होती, आणि ती चुकली हे चांगलंच झालं. पण मालकाच्या बाजूने बघितलं तर अर्थ असा निघतो की १९,५०० भरले, विषय संपला. तुटलेल्या बोटाचे पैसे काकांच्या वर्गणीतूनही जातात. म्हणजे कर्ज काढून पडदे बसवणारा माणूस न बसवणाऱ्याचा खर्च वाटून घेतोय.

जर्मनीत विमा आणि प्रतिबंध एकाच छपराखाली आहेत, तेही १८८४ पासून. बिस्मार्कच्या काळात अपघात विम्याचा कायदा आला, आणि एकेका उद्योगातल्या मालकांची सक्तीची विमा मंडळं बनली. वर्गणी फक्त मालकांची. धंदा जितका धोक्याचा तितका दर जास्त, आणि त्यातही ज्याच्याकडे अपघात जास्त त्याला वाढीव भुर्दंड, ज्याच्याकडे कमी त्याला सूट. खर्च आपल्याच खिशातून जातो म्हटल्यावर त्या मंडळांनी स्वतःचे तपासनीस नेमले. नियम घालून देणं, मशीन बघायला जाणं, प्रशिक्षण देणं हे विमावाल्यांचंच काम झालं. चाकणच्या जर्मन कंपन्यांची आपल्याकडे एवढी कौतुकं होतात, शिस्तीची उदाहरणं देतात. त्या शिस्तीच्या पाठीमागे हा रोकडा व्यवहार आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

आपल्याकडे ती कल्पना कुणाला सुचलीच नव्हती असंही नाही. १९४८ च्या कायद्यात कलम ६९ होतं. कारखान्यातल्या अनारोग्यकारक परिस्थितीमुळे किंवा मालकाने आरोग्याचे नियम धाब्यावर बसवल्यामुळे आजारपण प्रमाणाबाहेर वाढलं, तर महामंडळाने वरचा खर्च त्या मालकाकडून मागून घ्यावा. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. बी पेरलेलं होतं की! पण ते आजारपणाच्या लाभापुरतं, तुटलेल्या बोटासाठी नाही. आणि इतक्या वर्षांच्या कामात माझ्या एकाही क्लायंटला या कलमाखाली पत्र आलेलं मी पाहिलेलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्यांना वर्षातून एकदा फुकट तपासणी आली, धोक्याच्या कामात एकच माणूस असला तरी ईएसआय आलं. या गोष्टी चांगल्याच आहेत. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेच आहे.

आणि माहितीची काय रड आहे म्हणता? एका बोटाचे दोन कागद होतात. एक जातो राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, कारण कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही की कळवावंच लागतं. दुसरा जातो विमा महामंडळाकडे. दोन्हींत किती वाजता, कुठे, काय करताना झालं ते लिहायचं असतं. मी स्वतः ते रकाने भरते. माझ्याच कपाटातल्या फायली एका टेबलावर मांडल्या तर पुढचं बोट साधारण कुठल्या शेडमध्ये, कुठल्या मशीनवर आणि जेवणाच्या सुट्टीआधीच्या कुठल्या तासाला जाणार, हे कुणीही शहाणा माणूस सांगू शकेल. माझ्यासारख्या झेरॉक्सवरच्या बाईला जे दिसतं ते दोन मोठ्या ऑफिसांना दिसणार नाही असं नाही. पण एकाकडे पैसे आहेत आणि दुसऱ्याकडे शिट्टी.

‘कारण’ या रकान्यात काय लिहायचं हे मला बहुतेक वेळा फोनवर तयार मिळतं. लक्ष नव्हतं. मोबाईल बघत होता. रात्री झोप झाली नव्हती. एकदा तर “घरचं टेन्शन” असं आलं होतं. ‘पिन झिजली होती’ असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता कानाचं. हे मला फार उशिरा लक्षात आलं, आणि त्याचा मला अजून राग येतो. आमच्याकडे टीव्ही पहिल्यापासून मोठ्याने लागतो. आई तीन शिट्ट्यांनंतर कुकर बंद करायची, आप्पा म्हणायचे, वाजला कुठे? आम्ही हसायचो. नातवाचं बारीक आवाजातलं बोलणं त्यांना कळत नाही, म्हणून तो त्यांच्याशी ओरडून बोलायला शिकलाय आणि शाळेतही ओरडूनच बोलतो. सत्तावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये उभं राहिलेल्या माणसाचा कान जातो, याला वैद्यकशास्त्र लागत नाही. कारखान्याच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. शेडमध्ये शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून बोलावं लागे, त्यावरून काय ते समजा. आणि ईएसआयच्या तिसऱ्या परिशिष्टात, व्यवसायजन्य आजारांच्या यादीत, आवाजामुळे येणारा बहिरेपणा स्पष्ट लिहिलेला आहे. तशा कामात सलग सहा महिने असलात तर तो कामामुळेच आला असं कायदा धरून चालतो. उलटं सिद्ध करायचं तर समोरच्याने करावं.

आम्ही कधी अर्जच केला नाही. मी, जिने तो तक्ता गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचला, तिनेही नाही. बोट मंगळवारी सव्वाअकराला गेलं. कान कधी गेला? त्याला ना तारीख ना रक्त. केळी-शहाळी घेऊन यायला दिवसच नाही. गिरणगावात कापसाच्या धुळीने भरलेली फुप्फुसं घेऊन माणसं वर्षानुवर्षं ‘दमा आहे’ म्हणत फिरली, तीही अशीच. त्यांचाही आजार त्याच परिशिष्टात होता. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो त्यातलं किती म्हातारपण आहे आणि किती शिफ्ट, हे कुणी कधी वेगळं काढून बघितलेलं नाही.

गेल्या खंडेनवमीला काकांनी मला शेडवर बोलावलं. “आप्पांना घेऊन या,” म्हणाले. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेड धुऊन काढली होती, पाने आणि मायक्रोमीटर पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं, प्रत्येक प्रेसला झेंडूचा हार. आरती झाली. पूजेनंतर मुहूर्ताचा एक नग काढायची काकांची पद्धत आहे. ऑपरेटरने पत्रा ठेवला, पेडल दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही. फिटरने हवेचं प्रेशर बघितलं, पॅनल उघडलं. पेढ्यांचा बॉक्स हातात धरून सगळे उभे. कुणीतरी हळूच म्हणालं, देवाचं काही राहिलं का?

मग फिटरच्या लक्षात आलं. हार जरा लांब झाला होता, त्याचं शेवटचं फूल पडद्याच्या आड येत होतं. त्याने ते एक फूल वर खोचलं. पेडल दाबलं, धाडकन ठोका पडला, नग निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेढे वाटून झाले, लोक पांगले. आप्पा मशीनपाशीच होते. मी वळून बघितलं तर त्यांनी उजवा हात आत घातलेला आणि पेडलवर पाय. माझ्या पोटात गोळा आला. काका धावलेच.

ठोका पडला नाही. आप्पांनी हात बाहेर काढला, बघितला, पुन्हा आत घातला, पुन्हा पेडल दाबलं. असं चारदा. चौथ्यांदा त्यांनी हात तसाच आत ठेवला आणि काकांना जरा मोठ्यानेच, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, विचारलं, “हे कधीपासून मिळतंय?”